लष्करी तळासाठी कंटेनरमधली अणुभट्टी: डिझेल खरंच सुटतं का?

निकाल आधीच सांगून टाकतो. नाशिकच्या परिसरातल्या देवळाली, गांधीनगर, ओझर अशा ग्रिडला जोडलेल्या तळांसाठी पाचपैकी दीड तारा. लडाखमध्ये, जिथे रस्ते बंद होण्याआधी हिवाळाभराचं इंधन वर चढवून ठेवावं लागतं, तिथे साडेतीन. माल एकच असून गुणांत एवढा फरक का, याचं उत्तर भट्टीच्या आत थोडं आणि बाहेरच्या विजेच्या पॅनेलमध्ये, हवेत आणि रस्त्यांवर बरंच आहे. माहितीपत्रकं मात्र आतलंच सांगतात.

परीक्षण 1 ते 5 मेगावॅटच्या भट्ट्यांचं आहे. एकलहऱ्याच्या औष्णिक वीजकेंद्राचा एक संच 210 मेगावॅटचा. ही भट्टी त्याच्या चाळिसाव्या हिश्श्याहून लहान. यात सर्वांत पुढे गेलेला नमुना म्हणजे अमेरिकी संरक्षण खात्याचा प्रोजेक्ट पेले. जून 2022 मध्ये बीडब्ल्यूएक्सटी कंपनीला सुमारे 30 कोटी डॉलरचं काम मिळालं. हेलियमवर थंड होणारी भट्टी, सगळा संच 20 फुटी चार कंटेनरांत आणि इंधन न बदलता किमान तीन वर्षं पूर्ण क्षमतेने चालण्याची अट. वेस्टिंगहाउसची ई-विंची 5 मेगावॅटची आहे. तिच्यात पंप नाही, सोडियम भरलेले हीट पाइप उष्णता बाहेर आणतात आणि इंधन आठ वर्षं पुरेल असा दावा आहे. रेडियंटची कॅलिडोस 1 मेगावॅटची, थेट डिझेल जनरेटरची जागा घेण्यासाठी आखलेली. मे 2025 च्या अमेरिकी अध्यक्षीय आदेशाने त्यांच्या लष्कराला देशातल्या एखाद्या तळावर 30 सप्टेंबर 2028 पर्यंत भट्टी चालू करून दाखवायला सांगितलं आहे. नव्या पिढीतली एकही भट्टी अजून तळाचा रोजचा लोड अंगावर घेऊन चाललेली नाही, त्यामुळे परीक्षणाला आधार दोनच: कागदावरची वैशिष्ट्यं आणि 1950 ते 70 च्या दशकांत अमेरिकी लष्कराने चालवलेल्या आठ छोट्या भट्ट्यांचा इतिहास. तो इतिहास भरपूर बोलका आहे.

हिशेब डिझेलपासून सुरू करू. समजा तळाचा सततचा लोड 1 मेगावॅट आहे. दिवसाला 24,000 युनिट. चांगला सांभाळलेला मोठा जेनसेट लिटरमागे साधारण 3.7 युनिट देतो, म्हणजे रोज साडेसहा हजार लिटर. 12,000 लिटरचा टँकर दर दोन दिवसांनी. तीन वर्षांचे झाले 71 लाख लिटर, म्हणजे सुमारे 590 टँकर. तेवढीच वीज 3 मेगावॅट उष्णतेच्या भट्टीतून काढली तर तीन वर्षांत युरेनियम-235 खर्च होतं चार किलोच्या आसपास. गाभ्यात घालावं लागतं त्याच्या कितीतरी पट, कारण साखळी प्रक्रिया टिकायला किमान वस्तुमान लागतंच. तरीही आकडे डोळे दिपवणारे आहेत आणि विक्रेते ते पहिल्या पानावर छापतात, यात नवल नाही. पण 590 टँकर वाचवण्याची किंमत टँकर कुठून कुठे जातो यावर ठरते. मनमाडजवळच्या पानेवाडीच्या डेपोतून देवळालीला टँकर यायला काही तास लागतात, आणि रोजची वीज मुळात महावितरणच्या फीडरवरूनच येते. जेनसेट उभा असतो तो लाइट जाईल तेव्हासाठी. खिंडी ओलांडून नेलेल्या डिझेलच्या प्रत्येक लिटरमागे मात्र वाहतुकीचं डिझेल, माणसं आणि जोखीम वेगळी जळते. अणुभट्टीचे पैसे वसूल होतात ते तिथे.

इंधनाला पूर्ण गुण. ट्रायसो इंधनाचा एक कण राजगिऱ्याच्या दाण्याएवढा, 1 मिलिमीटरहूनही लहान. मधोमध युरेनियमची गोळी, तिच्याभोवती सच्छिद्र कार्बनचा थर, मग दाट कार्बन, मग सिलिकॉन कार्बाइड आणि वर पुन्हा दाट कार्बन. विखंडनातून निघणारे वायू सच्छिद्र थरात जागा शोधतात आणि सिलिकॉन कार्बाइड त्यांना बाहेर पडू देत नाही. 1600 अंश सेल्सिअसपर्यंत हे कवच टिकतं, असं चाचण्यांत दिसलं आहे. म्हणजे मोठ्या भट्टीभोवती काँक्रीटचा घुमट जे काम करतो, त्यातलं बरंचसं इथे प्रत्येक दाणा स्वतः करतो. कंटेनरमध्ये घुमट बसत नाही, म्हणून हे गरजेचंच होतं.

अडचण दाण्याच्या आतल्या मालाची आहे. या भट्ट्यांना 5 ते 20 टक्क्यांदरम्यान समृद्ध केलेलं, म्हणजे युरेनियम-235 चा वाटा तेवढा वाढवलेलं युरेनियम लागतं, बहुतेकांना 20 च्या अगदी जवळचं. आपल्या 220 मेगावॅटच्या जड पाण्याच्या भट्ट्या हैदराबादला बनलेल्या नैसर्गिक युरेनियमच्या इंधनावर चालतात, त्यात युरेनियम-235 जेमतेम 0.7 टक्के. जास्त समृद्ध इंधनाचा बाजार जगातच अरुंद आहे. ज्या यंत्राचं इंधन दुसऱ्या देशाच्या परवानगीवर अवलंबून, ते युद्धकाळातला वीजपुरवठा म्हणून घ्यायचं का, हा प्रश्न खरेदी समितीने पहिल्याच बैठकीत विचारावा.

आता पॅनेलकडे येऊ. नाशिकच्या अंबड-सातपूर औद्योगिक वसाहतींतल्या पॅनेलवाल्यांना इथलं प्रत्येक वाक्य ओळखीचं वाटेल.

तळाचा लोड सपाट नसतो. रात्री 400 किलोवॅट, दुपारी 1.2 मेगावॅट, आणि मध्येच पाण्याचे पंप किंवा चिलर सुरू. 150 किलोवॅटची चिलरची मोटर थेट चालू केली, तर क्षणभर हजार केव्हीएच्या पुढे मागणी जाते; स्टार-डेल्टा स्टार्टरवर घेतली तर त्याच्या साधारण तिसऱ्या भागावर. डिझेल इंजिनाचा वेग सांभाळणारा गव्हर्नर असा धक्का दोन-तीन सेकंदांत पचवतो. अणुभट्टीला ते जमत नाही. गाभ्याचं तापमान झटक्याने वर-खाली करणं इंधनाला आणि धातूच्या सांध्यांना मानवत नाही, त्यामुळे शक्ती मिनिटांच्या हिशेबाने वाढते. मधली फट भरायला बॅटरी हवीच. 1 मेगावॅटच्या भट्टीसोबत निदान 500 किलोवॅट, 1 मेगावॅट-तासाची लिथियम फेरोफॉस्फेट बॅटरी धरा, आणि लोड अचानक सुटला तर टर्बाइन पळू नये म्हणून 500 किलोवॅटची रेझिस्टिव्ह लोड बँक, म्हणजे जादा वीज उष्णतेत जिरवणारा संच. माहितीपत्रकात यातलं काही किमतीत धरलेलं नसेल, तर दर तिथेच फसवा आहे.

याहून किचकट गोष्ट रिलेची, म्हणजे दोष ओळखून ब्रेकर पाडणाऱ्या उपकरणांची. उच्च वेगाच्या टर्बाइनमागे इन्व्हर्टर लावून 50 हर्ट्झ तयार केलं असेल, तर शॉर्ट सर्किटच्या वेळी तो इन्व्हर्टर पूर्ण भाराच्या सव्वा-दीड पटीपलीकडे प्रवाह देत नाही. तळावरचे आयडीएमटी (प्रवाह जितका जास्त तितक्या लवकर सुटणारे) रिले मात्र महावितरणच्या ग्रिडकडून येणाऱ्या हजारो अँपिअरच्या फॉल्टवर सेट केलेले असतात. ग्रिड तुटून तळ एकटा भट्टीवर चालू असताना केबल फाटली, तर रिलेला तो फॉल्ट वाटतच नाही. थोडा जास्त लोड आला असं समजून तो वाट पाहतो. मग आधी इन्व्हर्टर स्वतःला वाचवायला बंद होतो आणि अख्खा तळ अंधारात जातो. म्हणजे एका फीडरचा दोष सगळ्यांच्या गळ्यात. उपाय आहेत: रिलेत दोन सेटिंग गट ठेवून ब्रेकरच्या स्थितीवरून आपोआप बदल, 11 केव्ही रिंगवर डिफरेन्शियल (दोन टोकांच्या प्रवाहांतला फरक ओळखणारं) संरक्षण, किंवा फॉल्ट प्रवाह पुरवायला एक सिंक्रोनस कंडेन्सर, म्हणजे बिनभाराचं फिरतं यंत्र. या तिन्हीपैकी काहीही नसलेली जोडणी मंजूर करू नये.

तिसरी गोष्ट ब्लॅक स्टार्टची, म्हणजे ग्रिड नसताना शून्यातून सुरू करण्याची. हेलियम फिरवणारे ब्लोअर, नियंत्रण यंत्रणा, शीतक पंखे यांना सुरुवातीला बाहेरची वीज लागते. ती डिझेल जेनसेटच देणार. शिवाय भट्टी एकच असेल, तर तिच्या देखभालीच्या आणि अचानक बंद पडण्याच्या काळासाठी पूर्ण लोडचे जेनसेट उभे ठेवावेच लागतात. थोडक्यात, जेनसेट एकही कमी होत नाही, फक्त त्यांचे चालण्याचे तास कमी होतात. आणि न चालणारे जेनसेट आपलं दुखणं घेऊन येतात: महिन्यातून एकदा दहा मिनिटं बिनलोड फिरवले की सायलेन्सरमध्ये न जळलेलं इंधन आणि काजळी साचते, टाकीत पाणी उतरतं, पाणी आणि डिझेलच्या सीमेवर शेवाळासारखा चिकट थर वाढतो आणि ऐनवेळी फिल्टर चोंदतो. महिन्यातून एकदा निदान निम्म्या लोडवर तासभर चालवणं आणि टाकीच्या तळाचं पाणी काढणं, याला पर्याय नाही.

उष्णतेचा मुद्दा नाशिकच्या विरोधात जातो. 1 मेगावॅट वीज काढताना सुमारे 2 मेगावॅट उष्णता उरते. लेहला ती इमारती गरम करायला वापरता येते. तिथे बुखारीत (खोली तापवायच्या शेगडीत) जळणारं रॉकेल वाचतं आणि एकाच भट्टीचा उपयोग जवळपास तिप्पट होतो. अलास्कातल्या फोर्ट ग्रीलीच्या भट्टीने 1962 पासून दहा वर्षं विजेसोबत गरम वाफ पुरवली होती, ती याच हिशेबाने. देवळालीत मे महिन्यात 40 अंशांच्या हवेत ही 2 मेगावॅट उष्णता पंखे लावून फेकून द्यावी लागणार, आणि गरम हवेत टर्बाइनची कार्यक्षमताही घसरते. उंचावरही सगळं सोपं नाही: साडेतीन हजार मीटरवर हवेची घनता समुद्रसपाटीच्या तुलनेत साधारण दोन तृतीयांश, त्यामुळे तेवढ्याच उष्णतेसाठी पंख्यांना जास्त हवा ढकलावी लागते. पण डिझेल इंजिन तिथे ऑक्सिजनविना धापा टाकतं, गाभ्याला ऑक्सिजन लागतच नाही.

भट्टी बंद केली की उष्णता लगेच थांबत नाही, ही गोष्ट डिझेलच्या माणसाला सवयीने कळत नाही. 3 मेगावॅट उष्णतेचा गाभा बंद केल्या क्षणी सुमारे 200 किलोवॅट, तासाभराने 40, दिवसाने 15 आणि आठवड्याने सात-आठ किलोवॅट उष्णता टाकत असतो. आकार लहान असल्याने ही उष्णता नुसत्या हवेच्या नैसर्गिक प्रवाहाने बाहेर काढता येते, पंपाची गरज पडत नाही, आणि हा या वर्गाचा खरा मोठा गुण. अट एकच: हवेच्या वाटा मोकळ्या हव्यात. पालापाचोळा, फायरिंग रेंजची धूळ, मधमाश्यांची पोळी, गाळाने भरलेलं पावसाळी गटार, यांची तपासणी वेळापत्रकात लिहिलेली असली पाहिजे, नुसती गृहीत धरलेली नको.

"72 तासांत उभारणी" हे पेलेचं गाजलेलं वाक्य. ते खरं मानलं, तरी घड्याळ सुरू होतं ते जागा तयार झाल्यावर. सपाट काँक्रीट पॅड, केबल खंदक, अर्थिंग, किरणोत्सार अडवायला मातीचे बांध हे सगळं आधी. आपल्याकडे काळ्या मातीवर पॅड टाकून चालणार नाही. पावसाळ्यात ती फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि शाफ्टचं अलाइनमेंट बिघडतं. खाली मुरूम किंवा कातळ लागेपर्यंत खोदून मगच भराव. सात दिवसांत गार करून हलवता येईल, हीही अट आहे. पण तीन वर्षं चाललेला गाभा म्हणजे आलेला तो नवाकोरा कंटेनर नव्हे. परतीच्या प्रवासात त्याला गॅमा किरण अडवणारं जड कवच लागतं, आणि तो कसारा घाटातून न्यायचा तर वाहतूक थांबवण्यापासून पुलांच्या भारक्षमतेपर्यंत सगळं नव्याने तपासावं लागेल.

जुन्या भट्ट्यांचा अनुभव इथे उपयोगी पडतो. अंटार्क्टिकातल्या मॅकमर्डो तळावरची पीएम-3ए 1962 मध्ये सुरू झाली, 1.8 मेगावॅटची. दहा वर्षांत चारशेहून जास्त बिघाडांची नोंद झाली. 1972 मध्ये पाणी झिरपून क्लोराइडमुळे पोलादाला भेगा पडल्याची शंका आली आणि ती बंद केली. नंतर हजारो टन दगड-माती खणून जहाजाने अमेरिकेला न्यावी लागली. व्हर्जिनियातल्या फोर्ट बेल्व्हॉरची एसएम-1 ही 1957 मध्ये सुरू होऊन 1973 मध्ये थांबली; तिचं शेवटचं पाडकाम सुरू व्हायला जवळपास पन्नास वर्षं लागली. ट्रकवरून नेण्याजोगी एमएल-1 सर्वांत जास्त आजच्या कंटेनरसारखी होती, वायूवर थंड होणारी, वायूचंच टर्बाइन फिरवणारी. ती ठरलेल्या क्षमतेला कधी पोहोचलीच नाही. कोलोरॅडोतल्या फोर्ट सेंट व्रेन या हेलियमच्या नागरी वीजकेंद्रात ब्लोअरच्या बेअरिंगचं पाणी वारंवार हेलियममध्ये शिरायचं. गाभा ठीक आणि फिरतं यंत्र बिघडलेलं, हा या इतिहासाचा ठरलेला सूर आहे. म्हणून विक्रेत्याला बेअरिंग चुंबकीय आहेत का, सील किती तासांनी बदलायचे आणि वर्षाला किती हेलियम भरावा लागतो, हे आधी विचारा.

आयडाहोच्या एसएल-1 चा अपघात मात्र गाभ्यातलाच. 3 जानेवारी 1961. सुट्टीनंतर भट्टी जोडताना साखळी प्रक्रिया आवरणारा मधला नियंत्रक दांडा हाताने साधारण 10 सेंटिमीटर उचलायचा होता. तो 50 सेंटिमीटरच्या आसपास उचलला गेला. चार मिलिसेकंदांत शक्ती प्रचंड उसळली, पाण्याची वाफ होऊन अख्खं पात्र उडालं आणि तिघे ठार झाले. दांडे आधीपासून अडकत होते. एकच दांडा बाहेर आला तरी भट्टी पेटू नये, हा नियम त्यानंतर रचनेत पक्का बसला. नव्या भट्ट्या तो पाळतात. पण दूरच्या तळावर मोजकी माणसं, बदल्यांमुळे सतत नवे चेहरे आणि वर्षातून एकदाच होणारी कामं, ही परिस्थिती 1961 सारखीच राहणार आहे.

आता आपल्या बाजूचा एक मुद्दा, जो परदेशी परीक्षणांत सापडत नाही. भारत आणि पाकिस्तान यांच्यात एकमेकांच्या अणुकेंद्रांवर हल्ला न करण्याचा करार 31 डिसेंबर 1988 रोजी झाला आणि 27 जानेवारी 1991 पासून लागू आहे. दर 1 जानेवारीला दोन्ही देश आपल्या केंद्रांच्या याद्या एकमेकांना देतात. तळावरची वीजभट्टी या यादीत घालायची का? घातली तर तळाच्या आत नेमकं काय आणि कुठे आहे, ते स्वतःच्या हाताने लिहून द्यायचं. नाही घातली तर कराराचं संरक्षण नाही, आणि लष्करी लक्ष्यावर क्षेपणास्त्र पडलं की अणुकेंद्रावर पडलं. ट्रायसोचे दाणे तापमानाला टिकतात. स्फोटाने परिसरात विखुरलेले दाणे वेचणं हे वेगळंच काम होऊन बसतं. गाभा जमिनीखाली ठेवला तर हा धोका बराच कमी होतो, पण मग ते 72 तास विसरा.

भारतात घ्यायला आज काय आहे? या आकारात काहीच नाही. 2025 च्या अर्थसंकल्पात छोट्या भट्ट्यांच्या संशोधनाला 20,000 कोटी रुपये आणि 2033 पर्यंत किमान पाच देशी भट्ट्यांचं लक्ष्य जाहीर झालं. भाभा अणुसंशोधन केंद्राच्या आराखड्यात 200 आणि 55 मेगावॅटच्या भट्ट्या आहेत. 55 सुद्धा एखाद्या तळाला अंगापेक्षा बोंगा मोठा. डिसेंबर 2025 मध्ये संसदेने मंजूर केलेल्या अणुऊर्जेच्या शांती कायद्याने खासगी कंपन्यांना दार उघडलं, मात्र समृद्धीकरण आणि वापरलेल्या इंधनावरची पुनर्प्रक्रिया सरकारकडेच ठेवली. अरिहंत या अणुपाणबुडीच्या निमित्ताने लहान भट्टी बनवण्याचं कौशल्य देशात आहेच. पण पाणबुडीला उष्णता फेकायला समुद्र मिळतो, तळाला मिळत नाही. उंच भागासाठी स्पर्धकही उभा आहे: लडाखमधल्या चुशूलला एनटीपीसीने लष्करासाठी सौर-हायड्रोजन मायक्रोग्रिडचं काम हाती घेतलं आहे. त्याची कार्यक्षमता कमी आहे, पण तो बिघडला तर पाना-पकड घेऊन दुरुस्त करता येतो आणि पाडताना माती खणून न्यावी लागत नाही.

तोवर नाशिकच्या परिसरातल्या तळाने काय करावं? 1 मेगावॅटचा सौर संच इथे वर्षाला साधारण 15 लाख युनिट देतो आणि चार-पाच एकर जागा घेतो. 3 मेगावॅट बसवले तर आपल्या उदाहरणातल्या तळाची निम्मी गरज भागते. जुलै-ऑगस्टमध्ये उत्पादन पडतं, ते ग्रिड आणि जेनसेट सांभाळतात. वर सांगितलेली 500 किलोवॅटची बॅटरी आत्ताच घ्या, कारण पुढे भट्टी आली काय, नाही आली काय, ती लागणारच. दोन सेटिंग गटांचे न्यूमरिकल (डिजिटल) रिले आत्ताच बसवा आणि ग्रिड तोडून, तळ फक्त बॅटरी-जेनसेटवर ठेवून ते एकदा प्रत्यक्ष तपासा. नवीन 11 केव्ही पॅनेलची ऑर्डर देताना एक जादा व्हीसीबी (व्हॅक्यूम सर्किट ब्रेकर) आणि सिंक्रोनायझिंगसाठी पीटीची (व्होल्टेज मोजायच्या ट्रान्सफॉर्मरची) जागा मागून ठेवा. कारखान्यातून येताना ती स्वस्तात मिळते, नंतर पॅनेलचा बसबार कापून वाढवायची म्हटलं तर दोन दिवसांचा पूर्ण शटडाऊन लागतो.